कोऱ्या धोतरावरचा निळा डाग

(सन १८६४. अकोल्याच्या कापूसबाजारामागे वामनरावांचं औषधांचं दुकान. जेठातली दुपार, मृगाला दहा दिवस उरले आहेत.)

मनकर्णा : मी दवाई घ्याले नाई आली भाऊ. मले एकच सांगा. हे धोतर तुमीच निळं केलं का नाई?

वामनराव : बाई, आधी सावलीत तरी या. उन्हातून आलात. कोण तुम्ही, कुठल्या?

मनकर्णा : तेल्हाऱ्याकडची. मालकाचं नाव मी घेत नाई. होळीच्या आधी जवारी सोंगता सोंगता त्याईची करंगळी इळ्यानं कापली होती. तुमच्यापाशी आले होते.

वामनराव : खुशालराव! त्यांचं कुटुंब का तुम्ही? भला माणूस. अकोल्यातून जाताना टेकल्याशिवाय जात नाहीत. बोट कसं आहे?

मनकर्णा : बोट बेस आहे. डोकं ठिकाणावर नाई. हा डाग पाहा. कोऱ्या धोतरावर तुमची तांबडी दवाई सांडली अन् कपडा असा काळानिळा झाला. तुमी त्याईले म्हटलं का निळं झालं म्हंजे दाण्याचं सत्त्व आहे त्याच्यात. म्हटलं का नाई?

वामनराव : म्हटलं असेन. जखमेवर लावायचं आयोडीन ते. त्यांच्या शिदोरीत भाकरी होती. चतकोरावर एक थेंब टाकून दाखवला, तीही तशीच निळी झाली. गंमत म्हणून हो! दिवसभर इथे खरूज आणि जुलाब पाहत बसायचं. कुणी दोन शब्द कान देऊन ऐकले की माझं तोंड सुटतं.

मनकर्णा : तुमची गंमत झाली अन् आमच्या गावची मती गेली. चावडीवर उभं राहून सांगितलं त्याईनं, "भाकर निळी, धोतर निळं. कापसात भाकर आहे. जवारी कावून पेरता? कापूस पेरा, दोन्ही आलं त्याच्यात."

वामनराव : अरे देवा!

मनकर्णा : देवाले मागून बोलवा. आज ते अमरावतीहून गाड्या रिकाम्या करून येऊन राहिले. परवा निरोप आला. अठी आल्याबिगर राहात नाईत. त्याईच्या तोंडावर सांगा का तुमी चुकले. सगळं वावर पांढरं झालं आमचं. नाल्याकाठचा तुकडा तेवढा जवारीचा होता, औंदा त्याच्यातही कापसाची पऱ्हाटी लावाची म्हणतेत.

वामनराव : चुकलो हे सांगतो. पण बाई, अगदी सगळंच चुकलो, असंही नाही ना.

मनकर्णा : म्हंजे?

खुशालराव : रामराम वामनराव! लवकर एक लोटा पाणी द्या, बैल उन्हात उभे आहेत. अमरावतीत काय गर्दी राजेहो! गाडीले गाडी भिडली. बोऱ्याले हात लावाच्या आधी अडत्या भाव बोलते… अन् तू? तू अठी काय करून राहिली वं?

मनकर्णा : शेजारच्या सत्यभामाच्या गाडीनं आली.

खुशालराव : अन् पोरगी? शालू कुठी आहे?

मनकर्णा : रुख्मिणीकाकूपाशी. बसा.

खुशालराव : बसाले सवड कुठी? आज निंगलो तं परवा घरी पोचतो. दुसरी खेप भराची आहे, वावराची वखरणी राहिली. तिकडं साता समुद्रापार कापसाच्या मुलखात लढाई चालू आहे तवरच आपली चांदी. उद्या त्याईचं मिटलं तं?

मनकर्णा : उद्याचं उद्या. वामनभाऊले काई दाखवाचं आहे तुमाले.

खुशालराव : मलेही दाखवाचं आहे. अमरावतीत दोन जण बसले होते, त्याईले मी निळ्याचं सांगितलं. खोटं म्हणे. तुमची ते बाटली एक दिवस उसनी द्या मले.

वामनराव : खुशालराव, बाटली इथेच आहे. हा कापूस तुमच्या मुंडाशाला चिकटलाय, तुमच्याच बोऱ्यातला. यावर टाकतो थेंब. काय दिसतं?

खुशालराव : पिवळं.

वामनराव : निळं?

खुशालराव : थांबा जी, चढंन रंग. घाई नका करू.

वामनराव : नाही चढायचा. उद्या सकाळपर्यंत बसलात तरी नाही.

मनकर्णा : हा माहा पदर. दोन वर्सं दगडावर आपटून धुतला. याच्यावर टाका.

वामनराव : डाग पडेल हो बाई, निघता निघत नाही.

मनकर्णा : टाका म्हणतो ना मी.

खुशालराव : हाही पिवळाच. असं कसं? कापूस तोच, सूत तेच. मंग माहं धोतर कावून निळं झालं?

मनकर्णा : कोरं होतं म्हून! माय वं माय, खळ आहे ते. कोष्टी सूत मागावर ताणाच्या आधी जवारीच्या कांजीत भिजवते, नाई तं धागा तुटते. माह्या माहेराले लागून कोष्ट्याचं घर होतं, लहानपणी त्याची कांजी आमी चाटली आहे. कांजी निळी झाली, कापूस नाई. कोष्ट्याची खळ पाहून तुमी सगळं वावर पेराले निंगाले जी!

खुशालराव : हासू नको.

मनकर्णा : मी हासून नाई राहिली.

खुशालराव : वामनराव, तुमी मले चार माणसात येडा केलं का मंग?

वामनराव : चूक माझी. कोऱ्या कापडाला खळ असते हे मला सुचायला हवं होतं. पण आता खरं सांगायला बसलोच आहे तर सगळं सांगतो, बाई रागावतील. ही बाटली घ्या. बोट बुडवा आणि चाटा.

खुशालराव : काय आहे?

वामनराव : विष नाही. मी रोज चाटतो.

खुशालराव : गोड आहे! काकवीवानी, पण गोडी जरा कमी. कशाचं आहे?

वामनराव : कापसाचं.

मनकर्णा : काय?

वामनराव : निव्वळ कापसाचं. वेचून, धुवून, सरकी काढून. गंधकाच्या तेजाबात विरघळवला, बेतानं पाण्यात सोडला, सहा तास उकळला. मग चुनखडी टाकून तेजाब मारलं, गाळलं, आटवलं. ज्वारीच्या पिठालाही हेच करा, हीच साखर हाती येते. भाकरी जळली की कोळसा होतो, कापूस जळला की कोळसा होतो. पॅरिसच्या एका रसायनवाल्यानं दोन्ही तोलून पाहिलं. कोळशाचा अंश तेवढाच, पाण्याचा अंश तेवढाच. जिन्नस एकच आहे हो. साखरेचा मणी. हजारो मणी एकाला एक लागले की इकडे पीठ होतं, तिकडे कापूस.

खुशालराव : ऐकलं का वं? मणी एकच! मी काय खोटं बोललो होतो? खळीचं सोडा, गोष्ट तं खरीच निंगाली!

मनकर्णा : ऐकलं. वामनभाऊ, आमच्या मधल्या खोलीत आढ्याले भिडला आहे कापूस. हंडीत टाकून शिजवला तं?

वामनराव : शिजायचा नाही. आठ दिवस चूल विझू देऊ नका, कापूस तो कापूस.

मनकर्णा : मणी एकच म्हणता, मंग कावून?

वामनराव : जोड वेगळी आहे. मण्याला मणी टेकलाय तो निराळ्या रीतीनं. तेजाब दोन्ही जोड तोडतं, त्याला दयामाया नाही. आपलं पोट एकच जोड तोडू शकतं, ज्वारीची. ती तर तोंडातच सैल व्हायला लागते. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ते तेच. कापूस जन्मभर चावा.

खुशालराव : जोड म्हंजे काय? गाठ आहे, का सुताराचा सांधा आहे?

वामनराव : ते मला विचारू नका. पुस्तकात नाही. विलायतेत मोठमोठे लोक याच ठिकाणी येऊन थांबलेत. मी मुंबईला दोन वर्षं वैद्यकी शिकलो आणि सोडून आलो; मला कोण सांगणार? पण हा प्रश्न सुटत नाही माझ्यानं. जेवताना भाकरीकडे पाहतो आणि अंगातल्या सदऱ्याकडे पाहतो.

मनकर्णा : पेंढ्या.

वामनराव : काय म्हणालात?

मनकर्णा : कडब्याच्या पेंढ्या. गंजी कशी रचता जी आपण? पेंढीचा बुडखा जाड, शेंडा बारीक. सगळे बुडखे एकाच अंगाले ठेवत गेले तं ओळ सरळ जात नाई, वाकत वाकत गोल फिरते. मधात पोकळ राहते. हात घातला का कोणतीही पेंढी निंगते. अन् एक उलटी, एक सुलटी अशी लावली तं ओळ भिंतीवानी सरळ. तिच्याले लागून दुसरी ओळ, वर तिसरी, चेपून बसते. मंग वर माणूस नाचला तरी हालत नाई. अन् त्याच्यातली एक पेंढी ओढाची म्हटलं तं नखं तुटते. पेंढी तेच. रचाची रीत दुसरी.

वामनराव : एक उलटी, एक सुलटी… थांबा. माझा कागद कुठे गेला?

खुशालराव : कागद राहू द्या बाप्पा, बैल हंबरून राहिले तिकडं.

वामनराव : अहो, तुमच्या लक्षात येत नाही या काय बोलल्या! सरळ हवा, घट्ट हवा, पाणी शिरायला फट नको. कापसाचा धागा दुसरा कसा असतो? आणि पीठ कसं पाण्यात फुगतं, पोकळ असल्यासारखं… बाई, हे खरं की खोटं मला ठरवता यायचं नाही. पण दोन वर्षं मी या बाटल्यांशी एकटा बोलतोय आणि एवढंसुद्धा कधी…

मनकर्णा : खरं असो का खोटं. आपलं पोट कोणती गंजी उपसते अन् कोणती नाई, तेवढं मले समजलं.

खुशालराव : बैल तं कडबा खाते! कडब्याले दाणा कुठी असते? तो निरा धागाच. त्याले पचते, त्याच्यावर तो नांगर ओढते. बोला!

वामनराव : बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाला चार कोठे. त्यातल्या कोणत्या कोठ्यात कोणता हात बसलाय आणि ती जोड सोडवतोय, मला ठाऊक नाही. आपल्यापाशी तो हात नाही एवढं नक्की.

खुशालराव : बरं, नाई पचत. झालं? मी कुठी म्हणून राहिलो का कापूस खा? कापूस इकू, जवारी इकत आणू. सारी दुनिया तेच करून राहिली.

मनकर्णा : सारी दुनिया तेच करून राहिली, म्हूनच तं. तेल्हाऱ्याचे मागचे तीन बाजार मी पाहिले. चांदीचा रुपया मुठीत धरून उभी होती. जवारीची पायली नाई आली. सगळ्यायनं कापूस लावला, मंग दाणा कोणाच्या वावरात होईन? तुमच्या रुपयाले काय कणीस लागते का?

खुशालराव : एक वर्स वं मनकर्णा. एकच वर्स. माह्या बापानं चाळीस वर्सं जवारी पेरली, मेला तं फाटक्या घोंगडीवर मेला. कोणी त्याले बस म्हटलं नाई. अमरावतीत या खेपेले अडत्यानं माह्यासाठी गादी झटकली. खुशालरावजी म्हणे. मले, खुशालरावजी! तुले काय सांगू, मले झोप नाई लागत. डोळे मिटले का तिकडची लढाई थांबते अन् मी दचकून उठतो. हे पांढरं दोन वर्सं टिकंन, तीन टिकंन. नाल्याकाठचा तुकडा जवारीत घालवला तं जलमभर हात चोळत बसीन मी.

मनकर्णा : तुमी चावडीवर बोलले ना, कापसात भाकर आहे म्हून?

खुशालराव : बोललो. आता तेच ते कितीदा काढशीन?

मनकर्णा : शालू ओट्यावर बसून ऐकत होती.

खुशालराव : मंग?

मनकर्णा : तुमी अमरावतीले गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी कणगी झाडली. एका भाकरीचं निंगालं. ते सकाळी दिली पोरीले. दुपारी वाळल्या अंबाडीचा पाला शिजवला, तो तिनं थुंकला. मी सरपणाले गेली. माघारी आली तं पोरगी मधल्या खोलीत कापसाच्या ढिगात बसली होती. गालात कापूस, मुठीत कापूस. पाण्याचा तांब्या संग घेऊन बसली होती. घोट घेऊ घेऊ गिळून राहिली होती.

खुशालराव : काय बोलून राहिली तू?

मनकर्णा : तीन दिवस पोट ढोलावानी फुगलं. ना खाली, ना वर. एरंडेल पाजू पाजू रुख्मिणीकाकूचे हात थकले. मी निरोप कोणाबरोबर धाडू? गावातले सगळे गाड्या घेऊन बाजाराले. चौथ्या दिवशी पडला कापूस. बोळ्याचा बोळा. जसा गेला तसाच आला जी. एक धागा नाई तुटला त्याच्यातला.

खुशालराव : आता? आता कशी आहे शालू?

मनकर्णा : आता उठून बसते. काकूनं कुठून तरी मूठभर कण्या आणल्या, त्याची पेज पिते.

खुशालराव : अन् तू मले हे आता सांगतं? आल्याआल्या कावून नाई बोलली? मी अठी काकवी चाटत बसलो, अन् तू पेंढ्यायच्या गोष्टी सांगून राहिली!

मनकर्णा : आल्याआल्या सांगितलं असतं तं तुमी रडले असते. मले माहीत आहे तुमी कसे रडता. अन् रडून झाल्यावर म्हटलं असतं, पोरगी येडी, खाले नाई पाहिजे होतं तिनं, पण कापूस खरा. मले पह्यले तुमच्या डोक्यातला कापूस काढाचा होता.

वामनराव : खुशालराव, हे सगळं माझ्यामुळे झालं. मी जर त्या दिवशी…

खुशालराव : तुमी चूप बसा जी. तुमच्यानं नाई झालं. पोरगी माही आहे, तोंड माहं आहे. मनकर्णा, खरं सांग. तिनं खेळत खेळत खाल्ला का भुकेनं?

मनकर्णा : भुकेनं. पोट दाबून पडली होती तवा मले म्हणे, "आई, बाबाची भाकर माह्या पोटात उघडून नाई राहिली."

खुशालराव : असं म्हणे?

मनकर्णा : असंच म्हणे.

वामनराव : खुशालराव, बसा. पाणी घ्या.

खुशालराव : नको. मले बसता नाई येत. पोरीनं माह्या नावानं खाल्ला वं. दुसऱ्या कोणाचं आयकून खाल्ला असता तं मी त्याचे दात पाडले असते… चाल. उठ. नाल्याकाठचा तुकडा जवारीचा. बोललो मी, झालं. त्याच्या अंगचाही एक तुकडा देतो, पऱ्हाटी गेली खड्ड्यात. चाल ना!

मनकर्णा : बियाणं?

खुशालराव : बियाण्याचं काय?

मनकर्णा : बियाण्याची जवारी मी मडक्यात राखेत घालून ठेवली होती. भुकेनं पोट पाठीले लागलं तरी बियाण्याले हात नाई लावाचा, हे माह्या सासूनं शिकवलं मले. म्हून म्या पोरीलेही त्याच्यातलं नाई देल्लं. शेवटी तिचं पोट फुगलं तवा म्हटलं जाऊ दे सासू अन् तिची शिकवण, पेज करतो. मडकं उघडलं तं निरी राख. तुमी अमरावतीची गाडी जुंपली त्या दिवशी बैलायच्या टोपल्यात काय होतं जी?

खुशालराव : तेच होतं.

मनकर्णा : मले वाटलंच.

खुशालराव : वाट लांबची होती. बैलायले ताकद पाहिजे. म्हटलं, औंदा जवारी तं पेराचीच नाई, मंग मडक्यात ठेवून काय कराचं? तुले सांगितलं असतं तं तू देऊ नसतं देल्लं.

वामनराव : अकोल्याच्या बाजारात पाहू या का? एखाद्या भुसाऱ्याकडे असेल अजून. मी येतो बरोबर, ओळखी आहेत माझ्या.

खुशालराव : बाजारातली जवारी खाची असते वामनराव, पेराची नसते. कोण्या गावची, कोण्या मातीची, कवा भिजली, काय सांगता येते? पेराले घरची लागते. वावरात उभं असतानाच हेरलेलं कणीस, बाईनं हातानं निवडलेलं. दहा दिवसात ते कुठून आणू मी?

मनकर्णा : एका घरी आहे.

खुशालराव : त्याचं नाव नको घेऊ.

मनकर्णा : किसनभाऊपाशी आहे. माहा सख्खा भाऊ आहे तो, मी नाव घेईन. साऱ्या शिवारात त्यानं एकट्यानं सगळ्या वावरात जवारी ठेवली.

खुशालराव : अन् भर चावडीत त्याले काय म्हटलं होतं मी, ते माहीत आहे ना तुले? गोफण घेऊन मचाणावर बस म्हटलं, पाखरं हाकल जलमभर, आमी रेशमी पागोटे बांधू. लोक पोट धरून हासले. संक्रांतीले त्यानं तुले लुगडं धाडलं ते मी दरवाजातून वापस केलं. जाडंभरडं आहे म्हटलं. आता त्याच दारात जाऊन पदर पसरू? त्याच्यापेक्षा वामनरावाचं ते तेजाब पेतो मी.

मनकर्णा : पदर मी पसरतो. तुमी निरे उभे राहा माह्या मागं.

वामनराव : मी एक चिठ्ठी लिहून देऊ का? चूक माझी होती, असं स्पष्ट लिहितो. सही करतो खाली.

मनकर्णा : त्याले वाचता नाई येत भाऊ.

खुशालराव : चिठ्ठीनं काई नाई होत. तो आधी हासंन, वामनराव. तुमी पाहिलं नाई त्याले. मिशीतल्या मिशीत नाई हासत तो. बायकोले बोलवंन, पोरायले बोलवंन, शेजाऱ्याले हाक मारंन, अन् मले अंगणात उभं ठेवून हासंन.

मनकर्णा : हासू द्या जी. हासून झालं का तो पह्यले जेवाले वाढते.